रेघ कोणी ओढली?

वाशीम जिल्ह्यातील मंगरुळपीर तालुक्यात शेलूबाजार नावाचे गाव आहे. नावातच बाजार असलेल्या या गावी बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतील माणसे जमतात. समजा, त्या गर्दीचे कोणी खूप उंचावरून छायाचित्र घेतले. त्यात चेहरे दिसत नाहीत, बोलणे ऐकू येत नाही. माणसांच्या जागी नुसते ठिपके दिसतात. हे चित्र तुमच्या हाती देऊन कोणी विचारले की, 'यांतले कोण कोणाबरोबर आले आहे ते सांगा,' तर तुम्ही काय कराल?

बहुधा तुम्ही ठिपक्यांमधली अंतरे पाहाल. अगदी लगतचे दोन ठिपके म्हणजे बरोबर आलेली माणसे असे धराल व त्यांच्यामध्ये पेन्सिलीने एक रेघ ओढाल. पुष्कळ वेळा तुमचा तर्क बरोबर निघेल. पण कधी कांद्याच्या ढिगापाशी खांद्याला खांदा लावून उभे असलेले दोघे एकमेकांना ओळखतही नसतील. आणि कधी मायलेकरे दोन ओळी पलीकडून एकमेकांना हाका मारीत असतील. छायाचित्रात रेघ नव्हती. ती तुम्ही ओढली.

रसायनशास्त्राच्या पुस्तकातील रेणूंच्या चित्रांचेही असेच आहे. दोन अणूंमधली रेघ म्हणजे बंध, हे आपण इतक्या लवकर शिकतो की ती रेघ निसर्गातच काढलेली आहे असे आपल्याला वाटू लागते. संगणकाच्या पडद्यावर रंगीत गोळे आणि दांड्या गरगर फिरू लागल्या की हा समज अधिकच पक्का होतो. ती दांडी कोणी बसवली, कोणत्या नियमाने बसवली, आणि तो नियम कोठे चुकतो, हा प्रश्न शाळेतच विचारला गेला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. तो विचारण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. आलेखाचा कागद, पट्टी आणि दहावीचे गणित एवढ्यावर काम भागते. कसे ते पाहू.

यादीतून चित्र

स्फटिकावर क्ष-किरण सोडून त्यातील अणूंच्या जागा शोधता येतात. १९१३ साली लॉरेन्स ब्रॅग यांनी मिठाच्या स्फटिकाची रचना अशीच उलगडली. अशा मोजणीतून, किंवा आजकाल संगणकावरील हिशेबातून, शास्त्रज्ञाच्या हाती येते ती पुष्कळदा एक साधी यादी असते. प्रत्येक ओळीत अणूचे नाव आणि त्याचे तीन निर्देशक. अणू कोठे आहे एवढेच ती सांगते; तो कोणाशी बांधलेला आहे याबद्दल ती गप्प असते.

मग बंध कसे ओळखायचे? त्यासाठी प्रत्येक मूलद्रव्याला एक सहसंयुज त्रिज्या दिलेली असते. २००८ साली बार्सिलोना येथील संशोधकांनी सव्वादोन लाखांहून अधिक मोजलेल्या बंधांवरून या त्रिज्यांचा तक्ता नव्याने तयार केला. त्यात हायड्रोजनची त्रिज्या ०.३१, कार्बनची ०.७६ आणि ऑक्सिजनची ०.६६ अँगस्ट्रॉम आहे. मीटरचे एक हजार कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे अँगस्ट्रॉम.

नियम असा: दोन अणूंच्या त्रिज्यांची बेरीज करा, तीत ०.४५ अँगस्ट्रॉमची सूट मिळवा. अणूंमधले अंतर याहून कमी असेल तर रेघ ओढा. ओपन बॅबेल आणि जेमोल या जगभर वापरल्या जाणाऱ्या दोन संगणक-आज्ञावल्या मुळात याच नियमाने चालतात.

आता हा नियम हाताने चालवून पाहू. एका रेणूत चार अणू आहेत आणि ते चारही एकाच प्रतलात आहेत, म्हणून तिसरा निर्देशक सोडून देऊ. कार्बन (०, ०) येथे, ऑक्सिजन (१.२१, ०) येथे, एक हायड्रोजन (−०.५९, ०.९४) येथे आणि दुसरा हायड्रोजन (−०.५९, −०.९४) येथे. सर्व आकडे अँगस्ट्रॉममध्ये.

चार अणूंच्या सहा जोड्या होतात. दहावीत शिकलेले अंतराचे सूत्र वापरा. कार्बन व ऑक्सिजन यांतील अंतर १.२१; मर्यादा ०.७६ + ०.६६ + ०.४५ म्हणजे १.८७. रेघ ओढा. कार्बन आणि प्रत्येक हायड्रोजन यांतील अंतर सुमारे १.११, मर्यादा १.५२. येथेही रेघ. ऑक्सिजन व हायड्रोजन यांतील अंतर २.०३, मर्यादा १.४२, रेघ नाही. दोन हायड्रोजनमधले अंतर १.८८, मर्यादा १.०७; येथेही नाही. सहा जोड्या तपासल्या, तीन रेघा मिळाल्या.

पण काम संपले नाही. कार्बनची संयुजा चार, आणि त्याला रेघा आल्या तीन. ऑक्सिजनची संयुजा दोन, त्याला आली एक. दोघांनाही एकेक रेघ कमी पडते आहे आणि दोघे एकमेकांना लागून आहेत. म्हणून त्यांच्यात दुहेरी बंध असला पाहिजे. हा तर्क पडताळून पाहायलाही साधन आहे. मेथेनॉलमध्ये कार्बन व ऑक्सिजन यांच्यातील एकेरी बंधाची लांबी सुमारे १.४३ असते; येथे ती १.२१ आहे. दुहेरी बंध आखूड असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तर्क जुळला. हा रेणू म्हणजे फॉर्माल्डिहाइड. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीतले नमुने टिकवणारे फॉर्मॅलिन म्हणजे त्याचेच पाण्यातले द्रावण.

पाहा, नुसत्या बारा-पंधरा आकड्यांतून आपण रेणूची रचना काढली. आणि तिच्यातली प्रत्येक रेघ का ओढली याचे कारण आपल्याला सांगता येते. पडद्यावरचे तयार चित्र पाहून हे समाधान मिळत नाही.

नियम कोठे चुकतो

आता ब्रॅग यांच्या मिठाकडे वळू. सोडिअमची त्रिज्या १.६६, क्लोरीनची १.०२, सूट धरून मर्यादा झाली ३.१३. मिठाच्या स्फटिकात सोडिअम व क्लोरीन यांतील अंतर २.८२ आहे. म्हणजे नुसता अंतराचा नियम लावला तर प्रत्येक सोडिअमपासून भोवतालच्या सहाही क्लोरीनकडे रेघा जातील. पण मिठात सहसंयुज बंध नाही, आयनिक बंध आहे, असे तुम्ही परीक्षेत लिहिता! येथे इलेक्ट्रॉनांची भागीदारी नाही. धन आणि ऋण आयनांचे आकर्षण आहे. नियमाला हा भेद कळत नाही. त्याला फक्त जवळीक कळते.

उलट उदाहरण बर्फाचे. बर्फात एका पाण्याच्या रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनपासून सुमारे पावणेदोन अँगस्ट्रॉमवर असतो. मर्यादा १.४२, म्हणून रेघ नाही. पण या हायड्रोजन बंधामुळेच बर्फाची पोकळ चौकट उभी राहते आणि बर्फ पाण्यावर तरंगतो. रेघ नाही म्हणून ओढ नाही असे नव्हे. बाजारातल्या मायलेकरांची गोष्ट आठवली ना?

चांगल्या आज्ञावलीत म्हणून दुरुस्तीचे टप्पे असतात. ओपन बॅबेल आधी सर्व रेघा ओढते. मग एखाद्या अणूला त्याच्या मर्यादेपेक्षा जास्त रेघा आल्या असतील, किंवा दोन रेघांमधला कोन ४५ अंशांहून लहान असेल, तर तिथली सर्वांत लांब रेघ खोडते. त्यानंतर कोन, कडी आणि संयुजा पाहून दुहेरी-तिहेरी बंध ठरवते. हे सारे टप्पे माणसांनी विचार करून घातलेले आहेत. ती ०.४५ ची सूटसुद्धा निसर्गाने दिलेली नाही. अनुभवाने चांगली ठरली म्हणून माणसांनी ठेवली आहे.

पाच कोटी की साडेतीन लाख?

आता दुसरी अडचण. चार अणूंच्या सहा जोड्या झाल्या. शंभर अणूंच्या जोड्या ४,९५० होतात. दहा हजार अणूंच्या मोठ्या प्रथिनात जोड्या होतात ४,९९,९५,०००, म्हणजे जवळजवळ पाच कोटी! अणू दसपट झाले की जोड्या शंभरपट होतात. काही जण म्हणतील, 'त्यात काय? वेगवान संगणक आणा.' पण या रीतीत संगणक चौपट वेगवान आणला तरी तेवढ्याच वेळात फक्त दुप्पट अणू हाताळता येतात. पैसे चौपट, पदरात दुप्पट.

शेलूबाजारच्या बाजारात परत चला. एखाद्या माणसाच्या शेजारी कोण उभे आहे हे शोधायला तुम्ही सगळा बाजार पालथा घालाल काय? भाजीच्या ओळीत उभ्या असलेल्या माणसाचा शेजारी त्याच ओळीत किंवा लगतच्या ओळीत सापडणार. बैलांच्या बाजारात जाण्याचे कारण नाही. हीच साधी गोष्ट रेणूला लावायची.

रेणूची सारी जागा ३ अँगस्ट्रॉम बाजूच्या घनाकृती कप्प्यांत वाटून टाका. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन आणि गंधक यांच्यातील कोणत्याही जोडीची मर्यादा ३ अँगस्ट्रॉमच्या आतच येते. म्हणून एखाद्या अणूचा जोडीदार त्याच्या स्वतःच्या किंवा त्याला लागून असलेल्या २६ कप्प्यांतच असणार. या २७ कप्प्यांचे घनफळ ७२९ घन अँगस्ट्रॉम. पाण्यासारख्या दाट पदार्थात दर दहा घन अँगस्ट्रॉमला सुमारे एक अणू असतो. म्हणजे प्रत्येक अणूने सुमारे ७३ जणांकडे पाहायचे. दहा हजार अणूंसाठी ७,३०,००० तपासण्या. त्यांत प्रत्येक जोडी दोनदा आली, म्हणून निम्म्या करा: सुमारे साडेतीन लाख. पाच कोटींच्या जागी साडेतीन लाख! आणि उत्तर अगदी तेच. शिवाय अणू दसपट झाले तर काम शंभरपट न होता दसपटच होते.

ओपन बॅबेलने याच विचाराची आणखी सोपी रीत वापरली आहे. ती सर्व अणू तिसऱ्या निर्देशकाप्रमाणे, म्हणजे जणू उंचीप्रमाणे, क्रमाने लावते. मग प्रत्येक अणूची तुलना क्रमातल्या पुढच्या अणूंशी करीत जाते, आणि उंचीतला फरक फार झाला की तेथेच थांबते. कारण त्यापुढचे सगळे त्याहून दूरच असणार. कामाच्या अशा आखून घेतलेल्या रीतीला संगणकशास्त्रात अल्गोरिदम म्हणतात. येथे यंत्र बदललेले नाही. फक्त माणसाने आधी विचार केला आहे.

मला वाटते, चांगल्या रीतीची खरी गरज ज्याच्याजवळ मोठे यंत्र आहे त्याला नाही. ती आहे ज्याच्या शाळेत एकच जुना संगणक आहे त्याला. वाईट रीत मोठ्या शहरातल्या महागड्या यंत्रावर कशीबशी निभावून जाते. खेड्यातल्या यंत्रावर ती अडकून पडते. चांगली रीत दोन्ही ठिकाणी चालते. म्हणून 'थोडक्या पायऱ्यांत उत्तर कसे काढावे' हा विषय केवळ तज्ज्ञांच्या हौशीचा नाही. विज्ञान कोणाच्या हाती राहणार, याच्याशी त्याचा संबंध आहे.

पुण्याचे शिवणकाम

हे सगळे परदेशातच चालते असे मात्र समजू नका. पुणे विद्यापीठात, ज्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नाव आहे, प्रा. श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली एक सुंदर कल्पना प्रसिद्ध केली. मोठ्या रेणूतील इलेक्ट्रॉनांचा हिशेब फार जड असतो. रेणू दुप्पट झाला की काम आठपट, सोळापटही होते. त्यांनी शिंप्याकडून धडा घेतला. शिंपी सदरा सबंध विणत नाही. कापड बेततो, तुकडे कापतो आणि ते शिवून जोडतो. त्याचप्रमाणे मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढलेल्या तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा करायचा आणि मग ते हिशेब जोडायचे. या रीतीचे नावच 'मॉलिक्युलर टेलरिंग' असे आहे.

तुकडे एकमेकांवर चढलेले असल्याने सामाईक भाग दोनदा मोजला जातो. तो एकदा वजा करावा लागतो. नववीत संचांच्या प्रकरणात दोन संचांच्या संयोगातील घटक मोजताना छेदातील घटक वजा करतात, तीच ही युक्ती. शाळेतल्या गणिताचा पुढे असा उपयोग होतो!

पण कापायचे कोठे? शिंपी खिशाच्या मधोमध कात्री चालवत नाही. तसेच येथे दुहेरी बंधावर किंवा बेंझीनसारख्या कड्यावर कात्री चालवून भागत नाही. एकेरी बंध शोधून तेथे कापायचे आणि उघड्या पडलेल्या टोकांना हायड्रोजन लावून ती बंद करायची. म्हणजे कात्री उचलण्यापूर्वी बंध कोठे आहेत आणि कोणत्या प्रकारचे आहेत हे ठाऊक असले पाहिजे. जी रेघ चित्राची शोभा वाटत होती, तिच्यावर आता सगळा हिशेब अवलंबून आहे. रेघ चुकली तर कात्री चुकणार, कात्री चुकली तर उत्तर चुकणार. याच गटातील व्ही. गणेश यांनी अशा कामांसाठी 'मेटा स्टुडिओ' नावाची आज्ञावली तयार केली व तिच्यावरील लेख २००९ साली प्रसिद्ध केला.

झाकलेला नियम नको

येथे मला जे सांगायचे आहे त्या मुद्द्याशी आपण आलो. बंधाची रेघ हा तर्क आहे. तर्क नियमाने केलेला आहे, आणि नियम माणसाने ठरवलेला आहे. मग तो नियम सर्वांना वाचता आला पाहिजे. रसायनशास्त्राच्या अनेक आज्ञावल्या आज अशा खुल्या आहेत: २००० साली सुरू झालेले केमिस्ट्री डेव्हलपमेंट किट, ओपन बॅबेल, २००६ साली खुली झालेली आरडीकिट. त्या फुकट मिळतात हा त्यांचा लहान गुण. मोठा गुण हा की त्यांच्या पोटात काय लिहिले आहे ते कोणीही उघडून पाहू शकतो, चूक दाखवू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. मिठाला रेघा का आल्या, असा प्रश्न शेलूबाजारच्या विद्यार्थ्याला पडला, तर त्याचे उत्तर त्याला त्या आज्ञावलीतच सापडेल. झाकलेल्या आज्ञावलीपुढे मात्र तो विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही सारखेच असहाय असतात. 'यंत्र म्हणते म्हणून' एवढेच दोघांना म्हणता येते. आणि 'यंत्र म्हणते म्हणून' हे विज्ञानातले कारण होऊ शकत नाही.

यावर शिक्षकबंधू-भगिनी म्हणतील, 'अभ्यासक्रम आधीच मोठा आहे. यात हे नवे ओझे कशाला?' त्यांची अडचण खरी आहे. पण हे नवे प्रकरण नाही. दहावीचे निर्देशक, नववीचे संच, संयुजा आणि आयनिक व सहसंयुज बंध हे सारे तुम्ही शिकवताच. फक्त वेगवेगळ्या तासांना, जणू त्यांची एकमेकांशी ओळखच नाही. फॉर्माल्डिहाइडचे चार अणू एका तासात त्यांची ओळख करून देतात. संगणकाच्या खोलीत मुलांना तयार चित्रे दाखवण्याआधी एकदा त्यांच्या हातात नुसती यादी द्या. रेघा त्यांना ओढू द्या. चुकू द्या. ०.४५ ऐवजी १.० सूट घेतली तर काय होते ते त्यांनाच पाहू द्या; त्या दोन हायड्रोजनमधली मर्यादा १.६२ होते आणि ते अजून सुटेच राहतात, पण ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची मर्यादा १.९७ पर्यंत येते आणि २.०३ शी तिची फारच जवळीक होते. थोडी आणखी सूट द्या, की खोटी रेघ उमटलीच! नियमाची धार कोठे आहे हे असे बोटाला लागले की मग पडद्यावरचे चित्र पाहताना मूल नुसते 'वा!' म्हणून थांबणार नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक कोडे देऊन थांबतो. आलेखाच्या कागदावर १ अँगस्ट्रॉमला ५ सेंटिमीटर असे प्रमाण घ्या. चार अणू एकाच सरळ रेषेत मांडा: हायड्रोजन −१.०६ वर, कार्बन ० वर, दुसरा कार्बन १.२० वर आणि दुसरा हायड्रोजन २.२६ वर. सहा जोड्या तपासा. रेघा ओढा. प्रत्येक कार्बनला किती रेघा कमी पडतात ते मोजा आणि त्या कोठे द्यायच्या ते ठरवा. हा वायू तुमच्या गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात वापरला जातो. त्याचे नाव सांगा. आणि नावाबरोबर हेही सांगा की शेवटच्या दोन रेघा तुम्ही कशाच्या आधाराने ओढल्या.